विसाव्याला लावलेली डिस्क

सुज्ञ वाचकहो, कुंडल गावच्या हिंदुराव नामक एका पित्याने आपल्या दिवंगत पुत्राच्या वस्तूवर माया केली आणि त्या मायेतून काय अनर्थ ओढवला, याची हकिगत येथे यथामती सादर होत आहे. आपण ती मन स्थिर करून वाचावी, ही विनंती.

हिंदुरावांचा गावात फोटो स्टुडिओ होता. लग्ने, बारशी, साखरपुडे यांचे चित्रीकरण ते आपल्या संगणकात साठवीत. त्या संगणकाच्या पोटात चार हार्ड डिस्क होत्या; तीन नव्या व एक जुनी. सैन्यात असलेला त्यांचा एकुलता पुत्र जयराज याने अखेरच्या रजेत त्या जोडून दिल्या होत्या. काम नसताना कोणत्या डिस्कने किती वेळाने थांबावे, हे ठरविणारा एक प्रोग्रॅमही त्याने बसविला होता. नव्या तिन्ही डिस्क थोड्या वेळाने निजत, त्यामुळे इन्व्हर्टरवरची वीज वाचे. जुनी मात्र अखंड फिरत राही.

"आबा, ह्या म्हातारीला निजवू नगा," जयराज म्हणाला होता. "फिरती हाय तवर झ्याक. एकदा बसली की उठताना गुडघं धरती."

"म्हंजी तुझ्या आयसारखीच की!"

"ऐकू येतंय बरं का मला!" आतून राहीबाई कडाडल्या होत्या. "बापल्याक बाहीर या, मग दावते गुडघं!"

त्याच रजेतील गोष्ट. पत्नी अंकिता गरोदर होती. एके दुपारी जयराज स्टुडिओचे दार लावून एकटाच कॅमेऱ्यासमोर बसला आणि होणाऱ्या लेकरासाठी काही बोलला. ते त्याने जुन्या डिस्कवर ठेवले व घरच्यांना बजावले, "पोर बोलाय लागलं की त्येलाच पयलं दावायचं. तवर कुणी उघडायचं न्हाई."

पुढे गस्तीची गाडी दरीत कोसळून तो गेला. शिवांजली त्यानंतर जन्मली.

तेराव्याला त्याचा बालमित्र विश्वजीत आला होता. कुपवाडला त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान. तो म्हणाला, "काका, त्या व्हिडिओची एक कॉपी काढून ठिवतो."

राहीबाईंनी मान हलविली. गेलेल्या माणसाच्या वस्तूला वर्षश्राद्धापर्यंत हात लावायचा नाही, अशी त्यांच्या घराण्याची रीत. "वरीस होऊ दे बाबा. त्येची वस्त हाय ती."

हिंदुरावांनाही ते पटले. परंतु त्या डिस्कची घरघर दिवसभर कानी येई आणि त्यांच्या जिवाला चैन पडेना. उसाची गाडी ओढणाऱ्या बैलालाही माणूस सावलीला सोडतो. मग लेकराची वस्तू वर्षभर अशी झिजत का ठेवावी? जयराजचे ते बजावणे त्यांनी थट्टेवारीच नेले होते. एके सकाळी त्यांनी तो प्रोग्रॅम उघडला, चौथ्या डिस्कपुढे सर्वांत कमी वेळ लावला आणि हात जोडले. क्षणभराने घरघर थांबली. पुत्राला अंथरुणावर निजविल्याचे समाधान त्यांना लाभले.

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. गिऱ्हाइकाचे फोटो ठेवण्यासाठी ते डिस्कची यादी उघडीत, तेव्हा संगणक चौघींनाही जागे करी. लग्नसराईत तर ती म्हातारी दिवसभर उठे आणि बसे, उठे आणि बसे. 'खर्र' असा आवाज आला की हिंदुराव हळूच म्हणत, "कूस बदलली वाटतं."

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी विश्वजीत कॉपी काढण्यास आला. अंकिता लेकीला कडेवर घेऊन उभी होती. डिस्क उठली, टक्, टक् असा आवाज झाला आणि ती निपचित पडली. विश्वजीतने प्रोग्रॅम पाहिला.

"काका, हिची सेटिंग कुणी बदलली?"

"म्या. जरा विसावा दिला रं तिला."

विश्वजीतने संगणक उघडून ती बाहेर काढली. तो डिस्क टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला. बिघडलेल्या डिस्कमधले साठवण जेथे परत काढून देतात, अशा मोठ्या दुकानांतही तो हिंडला. परत आला तेव्हा डिस्क त्याच टॉवेलात होती.

"आतली तबकडीच खरवडली, काका. दर उठण्याला थोडी थोडी गेली असणार."

हिंदुराव पायरीवर बसले. "हात न्हाई लावला गड्या म्या तिला," ते म्हणाले. "देवाशप्पत न्हाई लावला. निसती निजवली."

 मग अंकिताने सासूबाईंकडे पाहिले.

"आत्ती, त्या दिवशी आत बसून ते काय बोलत हुते? दाराशी काय ऐकू आलं आसंल की तुमाला."

"न्हाई गं बाई. दार लावल्यालं."

"लय येळ हुते का?"

राहीबाईंनी पदर तोंडाशी नेला. "च्या गार झाला. म्या परत तापवला. तरी आला न्हाई बाहीर."

अंकिता शिवांजलीला घेऊन खाली बसली आणि तिच्या कानाशी ओठ नेऊन म्हणाली, "ऐकलंस का? तुझा बाबा तुझ्यासंगं लय येळ बोलत हुता."

पोरीने आईकडे पाहिले आणि पुढचे ऐकण्यासाठी ती थांबून राहिली. पुढचे कोणाजवळच नव्हते.

आपला बहुमोल वेळ देऊन आपण ही कथा वाचलीत, त्याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
नानासो यशवंत घार्गे
मु. पो. वडूज, जि. सातारा