सात वाटांनी जोथम

सामना सात-सात असा बरोबरीत सुटला आणि अक्रोडाखालची शेवटची जागा कुणालाच मिळाली नाही. पण हे काही घडलेलं नाही. स्पाइसवुडच्या खोऱ्यात कुणालाही विचारा, असा सामना झाल्याचं आठवत नाही म्हणून सांगतील, आणि ज्यांना आठवतं ते तुम्हाला बघून घाईघाईने गवत कापायला लागतील. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरून फेब्रुवारीपासून सुरुवात करू.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, ओनीकाकांनी जाहीर केलं की डोंगरावरच्या दफनभूमीत आता एकच जागा उरली आहे, अक्रोडाखालची. ज्या आवाजात ते कुणाचा तरी हातमोजा बाकावर राहिल्याचं सांगत, त्याच आवाजात. ओनी क्रॅबट्री चौऱ्याऐंशी वर्षांचे. दफनभूमी मंडळाचे चिटणीस, खजिनदार आणि झाडूवालेही तेच. सगळं खोरं त्यांना काका म्हणे, कारण खरं नातं काढायला बसलं तर जेवण निवून जाई.

वर्लिंडा लायकिन्सने ते ऐकलं आणि निघता निघता ती परत बाकावर बसली. ती जागा तिच्या आईच्या शेजारची. आईला दिलेला शब्द होता, की मी तुझ्या डाव्या हाताला येऊन पडेन. वर्लिंडा एकोणसत्तर वर्षांची, लग्न न केलेली, टपाल कचेरीतून निवृत्त झालेली. आजवर तिने एकही पत्र चुकीच्या पेटीत टाकलं नव्हतं, आणि स्वतःचं टपाल चुकीच्या जागी जावं हे तिला पटण्यासारखं नव्हतं. डोंगरावर जागा नाही मिळाली तर खालची नवी दफनभूमी होती, हमरस्त्याला लागून, मोटारी धुण्याच्या दुकानाच्या मागे. तिथे पडून पुनरुत्थानाची वाट बघायची, आणि कानाशी दिवसभर पाण्याचे फवारे.

"मला हवी ती जागा," ती म्हणाली.

"मलाही," मागच्या बाकावरून आवाज आला.

तो होबार्ट होता. होबार्ट लायकिन्स, एकाहत्तर वर्षांचा, कोळशाच्या ट्रकांचा जुना मेकॅनिक, वर्लिंडाचा चुलतभाऊ. मावसभाऊही तोच. दोघांची घरं ओढ्याच्या दोन काठांना समोरासमोर होती आणि एकाने ओसरीवर खुर्ची ओढली की दुसऱ्याला ऐकू जाई.

"तुला कशाला रे डोंगरावर?" वर्लिंडाने विचारलं. "तुझी बायको खाली आहे."

"म्हणूनच."

"होबार्ट."

"बेचाळीस वर्षं ऐकलं मी तिचं, वर्लिंडाबाई. आता थोडं उंचावर, वाऱ्यावर पडायचं म्हणतो."

ओनीकाकांनी मंडळाची नियमवही काढली. नियम अठराशे अठ्ठ्याऐंशी सालचे होते आणि ते लिहिणारे सगळे त्याच डोंगरावर झोपले असल्यामुळे बदल सुचवायची सोय नव्हती. नियम अकरा सांगत होता की इथे फक्त जोथम आणि महाला क्रॅबट्री यांच्या वंशातल्यांनाच जागा आहे, आणि जागा कमी पडल्यास, ज्याच्या अंगात जोथम जास्त वाटांनी उतरला असेल त्याचा हक्क पहिला.

आता हे वाटांचं प्रकरण. जोथम क्रॅबट्री बायको, कुऱ्हाड आणि एक गाय घेऊन खिंडीतून या खोऱ्यात उतरला तेव्हा इथे फक्त रानटी टर्की पक्षी होते. दुसऱ्या वर्षी ओढ्याच्या पलीकडे लायकिन्स येऊन राहिले. तिसरं घर डोंगराच्या पल्याड, अकरा मैलांवर. जोथमला नऊ मुलं झाली, लायकिन्सांना आठ. पोरं मोठी झाली, लग्नाची वेळ आली, आणि प्रत्येकाने एकदा डोंगराकडे बघितलं, एकदा ओढ्याकडे बघितलं, आणि बूट काढून ओढ्यात पाय घातला. त्यांच्या पोरांनीही तेच केलं. डोंगर चढायचा कंटाळा त्या दोन्ही घराण्यांत पुढच्या चार पिढ्या टिकला. चारचौघांची वंशावळ वर जाताना पसरत जाते. स्पाइसवुडची वर जाताना आवळत जायची, पिठाच्या पिशवीचं तोंड बांधावं तशी. एकाच माणसाच्या अंगात जोथम बापाकडून एका वाटेने यायचा, आईकडून दुसऱ्या, आणि आजीकडून आणखी तिसऱ्या. एरवी ही गोष्ट पाहुण्यांसमोर कुणी काढत नसे. फेब्रुवारीपासून मात्र तिलाच भाव आला.

वर्लिंडा दर मंगळवारी काउंटीच्या कचेरीत जाऊन लग्नाच्या नोंदी उतरवू लागली. होबार्ट दर बुधवारी. ओनीकाकांकडे जोथमचं कौटुंबिक बायबल होतं आणि त्यात घरच्यांचे जन्म लिहिलेले होते, म्हणून दोघं त्यांच्याकडेही जात. मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून वर्लिंडा वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक नेई. होबार्टला ते कळल्यावर तोही नेऊ लागला, त्याच्या मुलीच्या हातचा.

संध्याकाळी ओढ्यावरून आरोळ्या चालत.

"चौथी सापडली," होबार्ट सांगे. "माझ्या आजीचा आजा आणि आजोबाचा आजा सख्खे भाऊ निघाले."

"ती माझ्याकडे कधीची आहे. मी पाचवीवर आहे."

"थापा मारतेस. तुझ्या तोंडावरून तू चार वाटांच्या वरची वाटत नाहीस."

"तुझ्या तोंडावरून तू दहाचा वाटतोस, होबार्ट, पण नियम कागद मागतो."

वर्लिंडाने भिंतीला लावायच्या कागदाची गुंडाळी आणून मागच्या पांढऱ्या बाजूवर वंशावळ मांडली. रेघा वर जाता जाता एकमेकींना भिडू लागल्या, मग एकमेकींवर चढू लागल्या, आणि एप्रिलमध्ये चित्र असं दिसायला लागलं की जणू कुणी कोंबड्यांचं खुराडं विणायला घेतलं आहे. सात वाटा. तिने तीनदा मोजल्या. सातच.

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सगळं खोरं डोंगरावर जमतं. कबरींवरचं गवत काढायचं, फुलं ठेवायची, आणि मग तिथेच चादरी अंथरून जेवायचं. त्या रविवारीही कोंबडी आणि कणकेचे गोळे होते, घेवडा होता, मक्याचा पाव होता. ओनीकाका अक्रोडाखाली खुर्ची टाकून बसले आणि कागद मागितले.

"वर्लिंडा, सात," त्यांनी वाचलं. मग होबार्टचा कागद उलगडला. "होबार्ट, आठ."

खोऱ्यात एक कौतुकाची कुजबुज झाली. आठ वाटांचा माणूस कुणी पाहिला नव्हता. होबार्टने टोपी काढून छातीशी धरली. एका म्हातारीने येऊन त्याचा हात हातात घेतला आणि सोडेना.

वर्लिंडाने हातातला पाव ताटात परत ठेवला. ती तशीच ताट घेऊन आईच्या कबरीकडे वळली आणि ज्या बुटक्या दगडावर ती दरवर्षी बसून जेवायची त्यावर बसायला गेली. बसण्याआधी तिने त्यावरचं शेवाळ पुसलं, ते आयुष्यात पहिल्यांदाच. शेवाळाखाली अक्षरं होती. केझाया, जोथम आणि महालाची मुलगी. वय चौदा महिने.

ती ताटासकट परत आली.

"होबार्ट, तुझी तिसरी वाट कुठून येते?"

"केझायावरून. जोथमची लेक, अठराशे अकराचा जन्म. तिचा मुलगा आसा. आपला खापरपणजोबा."

"आणि चौथी?"

"केझायावरून. जोथमची लेक, अठराशे तेराचा जन्म. तिचा मुलगा आसा."

"दोघी केझाया."

"बायबलात दोन लिहिल्यात."

"पहिली गेली म्हणून दुसरीला तेच नाव ठेवलं, होबार्ट. आपल्याकडे तसंच करायचे. नाव वाया घालवत नसत. पहिली त्या दगडाखाली आहे, चौदा महिन्यांची."

होबार्टने दगडाकडे बघितलं. "त्या काळी पोरं लवकर मोठी व्हायची," तो म्हणाला.

"आणि आसाला दोन आया होत्या?"

"खातंपितं घर होतं."

ओनीकाकांनी पेन्सिलीने एक रेघ मारली. म्हातारीने होबार्टचा हात सोडला.

"सात," काका म्हणाले. "सात-सात."

होबार्टने वर्लिंडाची गुंडाळी मागितली, गवतावर पसरली आणि गुडघ्यांवर रांगत तासभर चूक शोधली. वर्लिंडा त्याच्या मागोमाग रांगत स्वतःचीच आठवी वाट शोधत होती. दोघांच्या हाती काही लागलं नाही. बाकीच्यांचा केकही खाऊन झाला.

"नका शोधू," ओनीकाका म्हणाले. "तुमचे बाप सख्खे भाऊ होते ना?"

"हो."

"आणि आया सख्ख्या बहिणी."

"हो."

"मग दोघांचे आजोबा तेच, आज्या त्याच, वरचं सगळं तेच. आकडा वेगळा येईलच कसा?"

वर्लिंडाने गुडघ्यांवरचं गवत झटकलं. मग वर्लिंडाने विचारलं, "काका, हे तुम्हाला कधी सुचलं?"

"फेब्रुवारीत. नियम वाचताना."

"मग बोलला नाहीत ते?"

"आठवड्याला दोन केक येत होते," ओनीकाका म्हणाले, आणि त्यात त्यांना काही लपवण्यासारखं वाटलं नाही.

मग त्यांनी नियम बारा वाचला. वाटा सारख्या निघाल्यास जागा, जो आधी येईल त्याची.

"मी इथेच आहे," होबार्ट म्हणाला.

"तसं येणं नव्हे. आडवं."

होबार्टला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो खोकला. चांगला, खोल, लोकांना ऐकू जाईल असा खोकला. वर्लिंडाने लगेच अक्रोडाला टेकून छातीवर हात ठेवला.

"मला डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलंय," ती म्हणाली.

"तू आत्ता डोंगर चढून आलीस, ताट घेऊन."

"तेच तर. अंगावर काढते मी."

"माझी साखर तीनशेवर आहे."

"केक तूच खातोस वाटतं, काकांना देतो म्हणून."

"खातो थोडा. तब्येत खालावली पाहिजे ना."

"तुझे आजोबा शहाण्णव वर्षं जगले, होबार्ट."

"तुझेही तेच गं," होबार्ट म्हणाला, आणि हे बोलताना प्रथमच त्याचा चेहरा उतरला.

डोंगर उतरताना वर्लिंडाच्या मनात दुसरं काही नव्हतं. आईच्या डाव्या हाताला जागा मोकळी होती, आणि होबार्ट तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. शिवाय तो गाडी चालवताना पुढे बघत नसे. सगळे फायदे त्याच्याच बाजूला. ओसरीवर बसून त्याच्या नंतर मरण्याची वाट बघणं तिला परवडणारं नव्हतं. टपाल कचेरीत तीस वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती, की तारखेचा शिक्का आधी बसला की पाकीट नंतर कधीही आलं तरी चालतं. सोमवारी सकाळी काउंटीच्या कचेरीचं दार उघडायच्या आधी ती पायरीवर उभी होती, आणि तिच्या हातात स्वच्छ अक्षरात लिहिलेला अर्ज होता:

मा. नोंदणी अधिकारी, काउंटी कचेरी, यांस. विषय: मृत्यूची आगाऊ नोंद होणेबाबत. अर्जदार वर्लिंडा लायकिन्स, वय एकोणसत्तर, राहणार स्पाइसवुड, विनंती करते की अर्जदार आज सोमवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे कचेरी उघडताच, मरण पावली असे नोंदवून तसा शिक्क्यानिशी दाखला मिळावा. प्रत्यक्ष मरणाची पूर्तता अर्जदार पुढे सवडीने करील. बटाटे काढून झाल्याखेरीज ते शक्य दिसत नाही. तोवर अर्जदाराचे निवृत्तिवेतन, वाहन परवाना व मतदानाचा हक्क पूर्ववत चालू ठेवावा. याच मजकुराचा अर्ज श्री. होबार्ट लायकिन्स यांच्याकडून आल्यास, सदर इसम जिवंत असल्याच्या कारणावरून तो फेटाळण्यात यावा, ही नम्र विनंती.