झऱ्याचं तोंड

रेकॉर्डिंगवाल्याने खिडकी लावली, वरची कडी नीट बसेना म्हणून फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबली आणि मागे सरून कान दिला. बाहेर पाणकोंबडी ओरडत होती. त्याने आणखी एक घडी कोंबली.

"आता ठीक," तो म्हणाला.

"तिच्याबद्दलच तर बोलायचंय ना आपल्याला?" बाई म्हणाल्या.

"बोला की. फक्त तिनं मध्ये बोलायला नको. पक्षीबिक्षी आम्ही नंतर घालतो वरून. चांगले आहेत आमच्याकडे."

शाळेच्या प्रयोगशाळेत ही मुलाखत चालली होती. मुलांना वर्गाबाहेर नेऊन निसर्ग कसा शिकवावा, यावर निरनिराळ्या शाळांतल्या शिक्षकांशी गप्पा मारायच्या आणि त्या रेडिओवर ऐकवायच्या, अशी मालिका होती. आजचा मान बाईंचा. मुलं त्यांना पाठीमागे चिखलबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सकाळी त्यांनी कपाटातले ठेवणीतले कपडे काढले तेव्हा थोरली बहीण म्हणाली होती, "अगं, रेडिओवर कोण बघणारे तुला? चिखलाचेच घाल." बाईंनी तरी ठेवणीतलेच घातले. आज त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगताना अंगावर डाग नको होता.

सांगायचं होतं ते खिडकीच्या पलीकडेच पसरलेलं होतं. शाळेच्या मागे एक सखल, बारमाही ओली जागा होती. कडेने लव्हाळा, मध्ये गुडघाभर पाणी, त्यात बेडूक, चतुर, गोगलगायी आणि नाव नसलेलं बरंच काही. बाई तिला पाणथळ म्हणत, शाळा चालवणारे विश्वस्त डबकं म्हणत. विश्वस्तांना तिथे क्रीडागृह बांधायचं होतं. दोनदा भराव टाकून झाला होता आणि दोन्ही वेळा मुरुमातून पाणी पुन्हा वर आलं होतं. ते कुठून येतं, हे कुणाला कळेना. ठाऊक होतं बाईंना आणि त्यांच्या वर्गात बसून गेलेल्या मुलांना. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायला बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. आता विश्वस्तांनी बाहेरून कुणी जाणकार इंजिनियर बोलावला होता. त्याच्या शब्दावर पाणथळ राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

"तो विषय तेवढा नको हं बाई," मुख्याध्यापकांनी दारातच बजावलं होतं. "चांगलं चांगलं बोला. शाळेचं नाव होतंय."

मग ते "नुसतं ऐकायला" म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसले. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. बाईंच्या आजारपणात त्याने त्यांचे तास स्वतः घेतले होते. अशा माणसासमोर त्याचं न ऐकता बोलायचं, म्हणजे जिभेला आधी तयारी लागते.

मुलाखत घेणारी मुलगी चुणचुणीत होती. तिने कानांवर हेडफोनचे डबे चढवले आणि विचारलं, "मुलांना पाण्यात, चिखलात नेताना भीती नाही वाटत?"

"वाटते. पालकांची."

मुलगी हसली. बाईंना हुरूप आला.

"एक आई आल्या होत्या तणतणत. म्हणाल्या, आमची मुलगी शाळेत चिखल तुडवायला येते का? मी म्हटलं, तुम्ही घरी तुडवू देत असाल तर मी थांबते. मग मीच त्यांना घेऊन गेले मागे. चपला काढायला लावल्या. नको नको म्हणत उतरल्या आणि नंतर बाहेर यायला तयार नाहीत."

मुख्याध्यापकही हसले. रेकॉर्डिंगवाल्याने अंगठा वर केला. पुढचे प्रश्न बाईंनी हसत झेलले. परीक्षेचं काय? पावसाचं काय? मुलं फुलपाखरांमागे पांगली तर? बाई म्हणाल्या, पांगू द्यावीत, घंटा झाली की पोटं त्यांना परत आणतात. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्यांनाच हे गोड वाटतंय. हसायला सगळे असतात. डंपर येतील तेव्हा यातलं कुणी नसेल.

"आणि या सगळ्यातून मुलांना काय मिळतं, बाई?"

"ते सांगते," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाची कड धरली. "पण आधी दुसरं एक सांगू द्या. ही जागा बुजवायचं चाललंय. जिच्याबद्दल तुम्ही मला विचारताय ना, तीच."

स्टूल करकरलं. मुख्याध्यापक खाकरले, मग आणखी मोठ्याने खाकरले, आणि रेकॉर्डिंगवाल्याने हात वर करून यंत्र थांबवलं.

"बाई, बाई," मुख्याध्यापक उठून जवळ आले. रागावले नव्हते, उलट चेहरा खुलला होता. "अहो, तुम्हाला सांगणारच होतो, मुलाखत झाल्यावर. ते इंजिनियर आज इथंच आलेत. सकाळपासून मागेच होते. आणि कोण आहेत माहितीये? तुमचाच विद्यार्थी. म्हणाले, बाईंना भेटल्याशिवाय जाणार नाही."

"माझा? कोण?"

"म्हणाले, बेडूक आलाय म्हणून सांगा."

बाईंनी टेबल सोडलं. बेडूक! मधल्या सुट्टीत डबा न खाता पाण्यात उतरणारा, तापात फणफणतानाही आईची नजर चुकवून मागच्या कुंपणातून आत शिरणारा. वर्गात त्याला धड एक कविता पाठ येत नसे, पण कुठल्या दगडाखाली काय सापडेल हे तो झोपेत सांगायचा. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं होतं. इतके दिवस बाई ज्या अनोळखी माणसाच्या नावाने मनात भांडत होत्या, तो हा. त्यांना एकदम रडू आल्यासारखं झालं आणि ते लपवायला त्या उगीच खुर्ची सरकवू लागल्या.

"त्याला इथंच बसवू या," मुलाखतवाली म्हणाली. "शिक्षक आणि विद्यार्थी. किती छान होईल."

बेडूक आला. अंगाने भरला होता, केस कानाशी पिकायला लागले होते. पण बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता आणि तो दाराबाहेर झटकायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. बाईंनी चिखल पाहिला आणि त्यांना बरं वाटलं.

"तशाच आहात बाई," तो वाकून म्हणाला.

"तू मात्र सुटलास. बस. यांना सांग, मी छळायचे का तुम्हाला."

त्याच्यापुढे दुसरा माइक आला. यंत्र सुरू झालं. मुलाखतवालीने विचारलं, बाईंकडून काय शिकलात? आणि बेडूक बोलायला लागला. शाळेत असताना चार वाक्यं सलग न बोलणारा तो, आता झकास बोलत होता.

"बाई उत्तर सांगायच्याच नाहीत. काही विचारलं की म्हणायच्या, हात घाल, बघ. एकदा मी विचारलं, हे पाणी उन्हाळ्यातही आटत कसं नाही? तर म्हणाल्या, बघ. मी आठवडाभर हात घालून फिरत होतो. आणि एका जागी पाणी गार लागलं. बाकीच्या पाण्यापेक्षा चांगलंच गार. खालून बोटांना ढकलत होतं. झरा! बाईंना सांगितलं तर त्यांनी सगळा वर्ग आणला आणि एकेकाचा हात तिथं धरला. तो दिवस मी मरेपर्यंत विसरायचो नाही. मी आज जो आहे ना, तो त्या दिवसामुळे आहे."

मुलाखतवालीचे डोळे चमकले. बाई खाली बघत होत्या. कौतुक ऐकताना कुठे बघावं, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं.

"आणि गंमत बघा," बेडूक म्हणाला, "माझ्याआधी दोन लोक येऊन गेले. यंत्रं लावून, भोकं पाडून. त्यांना काही सापडलं नाही. मी आज सकाळी आलो, बाह्या सारल्या, हात घातला. वाकड्या झाडाच्या मुळाशी, तिथंच. अर्ध्या तासात काम झालं. खूण करून आलोय."

"कसली खूण?" बाईंनी विचारलं.

"झऱ्याच्या तोंडाची. तिथंच पाइप बसवायचा आणि पाणी परस्पर रस्त्याच्या गटारात सोडायचं. मग भराव बसतो बघा. कुणी हलवायचा नाही. आधीचे लोक नुसता वरून मुरूम टाकत होते. खालचं तोंड उघडं ठेवून काय उपयोग?"

मुलाखतवालीने बाईंकडे पाहिलं, मग यंत्राकडे. मुख्याध्यापक स्टुलावर बसल्या बसल्या मान डोलावत होते. शाळेच्याच मुलाने शाळेचं काम केलं, याचा त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

"तू बुजवायला सांगितलंस," बाई म्हणाल्या.

"बुजवता येईल असं सांगितलं. मला तेवढंच विचारलं होतं." बेडकाने माइकवर हात ठेवला, आवाज खाली आणला. "बाई, रागावू नका. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा आला असता. त्याला झरा सापडला नसता, एवढंच."

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या.

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्याचा चेहरा लहानपणी गृहपाठ राहिला की व्हायचा तसा झाला. मग तो घाईघाईने म्हणाला, "मी तुमच्यासाठी एक कोपरा राखून ठेवायला सांगितलंय. सिमेंटचं टाकं, त्यात कमळं. तुमच्या नावाची पाटी लावायची. मुलांना बघता येईल, कपडे न मळता."

"आणि आत जे आहे ते?"

"काय आत?"

"बेडूक, चतुर. काय काय होतं ते तुला सांगायला हवं का रे?"

"ते जातात हो बाई कुठंतरी. जागा शोधतात."

इतकं साधेपणाने म्हणाला तो, की बाईंना वाटलं, याच्या मुस्काटात द्यावी. उभ्या आयुष्यात त्यांनी मुलावर हात उचलला नव्हता. त्या वेळी मात्र तळहात शिवशिवला. याने चोरलं असतं, खोटं बोलला असता, तरी भांडता आलं असतं. पण बाईंनी शिकवलेलं याने मन लावून ऐकलं होतं आणि जपून ठेवलं होतं. ज्यांनी कधी फारसं लक्ष दिलं नाही त्या बाकीच्या पोरांनी या जागेचं काही वाईट केलं नव्हतं.

"आपण... शेवटचा प्रश्न घेऊ या का?" मुलाखतवाली चाचरत म्हणाली. "मघाचा राहिलाय. मुलांना यातून काय मिळतं? नाहीतर नव्या शिक्षकांना काय सांगाल, असंही चालेल."

रेकॉर्डिंगवाल्याने मान हलवून यंत्र चालू असल्याची खूण केली. बाईंनी माइककडे पाहिलं. सांगायचं म्हणून जे काही घोकून आणलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडात यायला तयार नव्हतं.

"माझा तास आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

"बाई," बेडूक अर्धवट उठला. "पोचवायला येऊ?"

"बस तू. तुला अजून विचारायचं असेल त्यांना."

चौथीचा वर्ग बाईंची वाट न बघता मागे गेला होता. कुंपणाशी चपलांचा ढीग पडला होता. मुलं पाण्यात पसरली होती, कुणी लव्हाळ्यात तोंड खुपसून, कुणी ओंजळीत काहीतरी धरून दुसऱ्याला न दाखवता. वाकड्या झाडापाशी नवीकोरी खुंटी ठोकलेली होती आणि तिला लाल फडकं बांधलेलं होतं. बाई काठावरच थांबल्या. ठेवणीतले कपडे घातले होते म्हणून नव्हे. त्यांना उतरावंसंच वाटेना.

खुंटीच्या अलीकडे पुढचे दात पडलेली एक मुलगी ओणवी होऊन कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभी होती. वर्गात ती कधी हात वर करायची नाही. ती बराच वेळ तशीच उभी राहिली, हात इकडे नेला, तिकडे नेला, पुन्हा पहिल्या जागी आणला. बाई बघत होत्या. एरवी त्या अशा वेळी श्वाससुद्धा सांभाळून घेत.

"बाई," मुलगी वर न बघता म्हणाली, "इथलं पाणी गार आहे."

बाईंनी खुंटीवरच्या लाल फडक्याकडे पाहिलं.

"खरंच बाई. तिकडं कोमट आहे, इथं गार. आणि खालून ढकलतंय काहीतरी. हात घालून बघा ना."

"सगळीकडे सारखंच आहे," बाई म्हणाल्या.

"नाहीये बाई."

"सारखंच आहे म्हटलं ना. हात काढ बाहेर."

मुलीने मान वर केली. हात अजून पाण्यातच होता. तिने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, मग परत बाईंकडे. बाईंनी नजर वळवली नाही. वळवली असती तर पोरीला कळलं असतं.

"भास होतोय तुला," त्या म्हणाल्या.

मुलीने हात काढला आणि फ्रॉकला पुसला. लव्हाळ्यातून तिची मैत्रीण पाणी उडवत धावत आली आणि तिने विचारलं, "काय गं? काय सापडलं?"

"काही नाही," मुलगी म्हणाली. "मला उगीचच वाटलं."