खोट्या गुडघेदुखीची चिठ्ठी

मी उंच उडीची काठी बोलतेय. एका माध्यमिक शाळेच्या मैदानावर दोन खांबांवर आडवी टेकून मी बारा वर्षं काढली. मुलांनी उडी मारायची, चुकली तर मी खाली पडायचं आणि त्यांनीच मला उचलून परत ठेवायचं. पडण्याची मला कधी लाज वाटली नाही, ते माझं कामच आहे.

लाज वाटते ती पालकसभेची. ती वरच्या मजल्यावर भरते, पण खिडक्या उघड्या असल्यामुळे मला सगळं ऐकू येतं. दरवर्षी कुणीतरी उठतं आणि सांगतं की खेळाचे तास गणिताला द्या, उड्या मारून कुणाचं पोट भरलंय? एक जिना चढून आल्यामुळे बोलताना त्याला धाप लागलेली असते. बाकीचे माना डोलावतात.

नववीत एक मुलगी होती, लांब पायांची, मितभाषी. माझ्यावरून जाताना तिचं अंग मला लागायचंच नाही. खेळाचे सर, ज्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात, म्हणायचे की अशी पोर दहा वर्षांत एखादीच येते.

एके दिवशी तिच्या वडिलांनी ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणून दिली. गुडघेदुखी, वर्षभर उड्या मारायला मनाई. दुसऱ्या दिवसापासून खेळाच्या तासाला ती गणिताच्या जादा वर्गात बसू लागली. धडधाकट लेकीला दुखणाईत ठरवताना बापाला काहीच वाटलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

चार महिन्यांनी आंतरशालेय स्पर्धा जाहीर झाल्या. खेळाडूंना दहावीत वाढीव गुण मिळणार असं कळलं मात्र, तेच वडील लेकीला घेऊन मैदानावर धावत आले.

"सर, हिचं नाव घाला. उडी फार छान मारते आमची."

"साहेब, तुमचीच चिठ्ठी फाईलला आहे."

"अहो, ती नुसती तास चुकवण्यापुरती होती. फाडून टाका की."

शिट्टीसरांनी समजावलं की चिठ्ठीची प्रत शिक्षण खात्याच्या कार्यालयात केव्हाच गेली आहे, आता मोठ्या दवाखान्याचा दाखला लागेल आणि नावं द्यायला अर्धाच तास उरला आहे. वडील उलट लेकीवरच चिडले, आधी तोंड उघडायला काय झालं होतं म्हणून.

"बोलले होते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, गुपचूप गणितं सोडव."

स्पर्धा तिच्याविना झाली. जिंकलेल्या मुलीनं जेवढी उंच उडी मारली, त्या उंचीवर शिट्टीसरांनी मला लावून पाहिलं. आमच्या पोरीनं तेवढी उंची शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात पार केली होती.

यंदा नववी-दहावीचा खेळाचा तास बंदच झाला. माझ्या टोकाला केरसुणी बांधून शिपाईमामा गणिताच्या वर्गातली जळमटं काढतात.

आईबापांनो, तुमच्या लेकरांनी मला शंभरदा पाडलं तरी माझी तक्रार नाही. पण त्यांना माझ्यापर्यंत येऊ तरी द्या.