उताराची मोटार

लालासाहेबाच्या हाताखालून पुढं पुष्कळ गाड्या गेल्या. पण मोटारींचा विषय निघाला की तो अजून पहिलीबद्दलच बोलतो, आणि बोलता बोलता एकटाच हसत सुटतो.

लढाई संपली, पलटणीतून सुटका झाली आणि तो साताऱ्याजवळच्या आपल्या गावी परत आला, तेव्हा त्याला एकच विद्या येत होती, मोटार हाकण्याची. साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या वकिलाच्या आवारात एक विलायती मोटार कैक वर्षं उभी होती आणि तिच्या मागच्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. वकिलाला आवार मोकळं हवं होतं, लालासाहेबाला मोटार हवी होती. सौद्याला वेळ लागला नाही. नुकसान झालं ते कोंबड्यांचं.

मोटारीचं छत ताडपत्रीचं होतं आणि डावं दार कासऱ्यानं बांधलेलं होतं. तिचा रबरी भोंपू तेवढा ठणठणीत होता. बॅटरी कधीच मेलेली. पुढून हँडल मारावं तर ते उलटं फिरून मारणाऱ्यालाच मारायचं. तिला सुरू करण्याची तऱ्हा एकच. उतारावरून मोकळी सोडायची आणि वेग आला की गिअर टाकायचा. मग ती दोनदा खोकायची, एकदा शिंकायची आणि मनात आलं तर चालू लागायची. चालू लागली की मात्र उभी करायची नाही. उभी राहिली की गप्प. गावातल्या बायकांनी तिचं नाव रुसूबाई ठेवलं.

साताऱ्याकडं अशा मोटारीचं काही अडत नाही. तिथं उतार पावलापावलाला आहेत आणि लालासाहेबाच्या गावात तर सपाट जागा म्हणजे देवळापुढचं अंगण. इतर माणसं कुठं गेली की बसायला सावली बघतात, लालासाहेब मोटार लावायला उतार बघायचा. चाकाखाली धोंडा घालायचा, काम उरकायचं, धोंडा काढायचा आणि निघायचं. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग नागपंचमी आली. लालासाहेबाची धाकटी बहीण अंजना गेल्या वर्षी सांगलीला दिली होती. लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी करायची, आणि त्यासाठी माहेरचा कुणीतरी मुराळी होऊन तिला आणायला जायचा, ही रीतच. पण दिवाळीला मुराळी म्हणून एक चुलता गेला होता. तो वाटेतल्या प्रत्येक पाहुण्याकडं चहाला थांबला आणि पोर घरी पोचेपर्यंत फराळ संपत आला होता. ते सांगलीला कळलं. अंजनाची सासू हरणाबाई. तिनं निरोप धाडला, ‘सकाळी न्हेलेली पोर दिवं लागायच्या आत म्हायेरात पोचती करणार आसाल तर या. न्हाईतर पंचमी हितंच करू.’

“आता रं?” आई बनुबाई म्हणाली. झोका बांधून झाला होता.

“मोटार हाय की,” लालासाहेब म्हणाला.

बनुबाईनं मोटारीकडं बघितलं, मग देवाऱ्याकडं बघितलं आणि पोराच्या हातात शिदोरी दिली.

पहाटेच निघालेला लालासाहेब कराड, पेठ, आष्टा करत न्याहारीची वेळ टळून गेल्यावर सांगलीजवळ पोचला. आणि तिथं तो उतार शोधू लागला. सगळा मुलूख परातीसारखा सपाट. अंजनाचं सासर नदीच्या अलीकडं, सांगलीवाडीत होतं, आणि अख्ख्या वाडीत कुठं वीतभर उतार नव्हता. तो मोटार तशीच पुढं हाकत गेला, कृष्णेवरच्या पुलावरून पार पलीकडं जाऊन वळला, माघारी आला, तेव्हा कुठं त्याला हवी ती जागा दिसली. पूल संपून वाडीकडं उतरणारा रस्ता! नाक साताऱ्याकडं करून त्यानं मोटार तिथं लावली, चाकाखाली धोंडा घातला आणि पटका नीट करून तो चालत पाहुण्यांच्या दारात गेला.

“गाडी कुठाय?” हरणाबाईनं पहिलंच विचारलं. उंच, सडसडीत बाई. बोलताना हसायची तिला सवय नव्हती.

“पुलाजवळ लावलीया, मावशी. जरा वारं लागू द्यावं म्हटलं.”

आपली मोटार उताराशिवाय सुरू होत नाही हे हिला कळलं तर पोर काही पाठवत नाही, हे त्यानं ओळखलं होतं. सोप्यातून अंजना बघत होती. तिचं लुगडं-चोळीचं गाठोडं बांधून तयार होतं. भावाला बघून तिचे डोळे भरले, आणि लालासाहेबानं मनाशी ठरवलं की काही होवो, हिला आज घेऊनच जायचं.

जेवणाला पुरणपोळी होती. सासरे नानासो, मोठा आगतस्वागत करणारा गडी, वाढायला सांगून “आलोच” म्हणत बाहेर गेले. हरणाबाई समोर बसून एकेक पोळी वाढायला लावत होती. नको म्हणावं तर पाहुणचाराचा अपमान, आणि खावं तर उशीर. लालासाहेब खात राहिला.

हात धुवायला तो बाहेर आला आणि तांब्या त्याच्या हातातच राहिला.

अंगणाच्या मधोमध रुसूबाई उभी होती. तिच्या कपाळाला, म्हणजे पाणी ओतायच्या टोपणाखाली, हळदकुंकू लावलेलं. शेजारी नानासोंची खिलारी बैलजोडी धापा टाकत होती आणि नानासो घाम पुसत होते.

“आवं पाव्हणं,” ते म्हणाले, “आमच्या दारी आलेल्या पाव्हण्याची गाडी रस्त्यावर? लोकं शेण घालतील की तोंडात! बैलं लावली आन् आणली वडून. आन् ऐका, कुणा नतद्रष्टानं चाकाखाली धोंडा घातला हुता बगा. दिला नदीत फेकून.”

त्या भागात पाहुणा आला की त्याची बैलं सोडून सावलीला बांधायची, वैरणपाणी करायचं, हे यजमानानं स्वतः बघायचं असतं. नानासोंनी त्यात काही कसूर ठेवली नव्हती. त्यांनी मोटारीपुढं पाण्याची बादलीसुद्धा ठेवली होती. त्यांचा तो आनंदी चेहरा बघून लालासाहेबाला रागावताही येईना.

ओटी भरली. अंजना सगळ्यांच्या पाया पडली आणि मोटारीत मागं जाऊन बसली. गल्ली गोळा झाली होती. लालासाहेब हाकायच्या चाकामागं बसला, त्यानं दोनचार दांडे पुढंमागं केले, मग भोंपू वाजवला. भोंपू वाजला, बाकी काही झालं नाही. त्यानं पुन्हा वाजवला. लढाईत अंगावर गोळे पडत असताना त्यानं लॉरी हाकली होती, पण तेव्हासुद्धा इतकं अवघड वाटलं नव्हतं. शेवटी तो खाली उतरला आणि हरणाबाईपुढं जाऊन उभा राहिला.

“मावशी, खोटं कशाला बोलू? ही उतारावरनंच सुरू हुती.”

नानासोंनी कपाळावर हात मारून घेतला. “आरं तिच्या! मग तो धोंडा तुमचाच व्हय?” आणि लगेच बाह्या सरसावल्या. “त्यात काय, वडतो की माघारी!”

“थांबा,” हरणाबाई म्हणाली. “बैलं लावून न्हायाची मोटार, आन् हिच्यात माझी पोर बसवून मी साताऱ्याला धाडू? वाटंत बंद पडली तर रानात बसंल का रातभर?” ती पदर खोचून पुढं आली आणि मोटारीत अंजनाच्या शेजारी चढून बसली. “मी येती पुलापातुर. चालली तर माझ्या डोळ्यांदेखत चालू दे, मी उतरीन. न्हाई चालली तर अंजना माझ्यासंगं घरला येईल, आन् पुन्यांदा मुराळी म्हून माझ्या दारात यायचं न्हाई.”

मग सांगलीवाडीतून ती वरात निघाली. पुढं बैल, मागं मोटार, मोटारीत सासूसुना ताठ बसलेल्या आणि चाकाशी मान खाली घातलेला लालासाहेब. बायका हातातली कामं टाकून दारात आल्या. कुणीतरी विचारलं, “नवा नांगर हाय व्हय, नानासो?”

पुलाच्या चढावर बैलांनी मोटार वर ओढली. माणसांनी धरून ती वळवली आणि कासरे सोडले. लालासाहेबानं ब्रेकवरचा पाय काढला.

मोटार घरंगळू लागली. त्यानं गिअर टाकला. रुसूबाई एकदा खोकली. पुन्हा खोकली. मग नुसतीच घरंगळत राहिली. उतार संपत आला होता. मागं अंजना यमाईचं नाव घेत होती, आणि तिच्या आवाजातलं रडं लालासाहेबाला ऐकू येत होतं. “शिंक गं बाई,” तो दात आवळून म्हणाला, “येकदा शिंक.”

रुसूबाई शिंकली. धुराचा एक मोठा लोट मागं नानासोंच्या तोंडावर सोडून ती सुसाट निघाली. लालासाहेबानं आरोळी ठोकली. भोंपू तो कशासाठी वाजवत होता ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

“चालली गं बया!” हरणाबाई म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं. “ए, थांबीव. मला उतरायचं हाय.”

“मावशी, हितं उतार न्हाई!”

“आरं मी उतरणार हाय, गाडी न्हवं!”

“थांबली की बंद पडती, मावशी. मग तुमी, अंजी आन् मी, तिघंबी हितंच!”

मागं नानासो पटका हलवत पळत होते. ते लहान लहान होत गेले आणि दिसेनासे झाले. आष्टा येईपर्यंत हरणाबाईनं लालासाहेबाला, त्याच्या मोटारीला आणि मोटार बनवणाऱ्या साहेबाच्या सात पिढ्यांना धरून बोलून घेतलं. पेठेपाशी ती थकून गप्प बसली. पुढं उसाचे फड लागले, ऊनपावसाचा खेळ चालला होता, आणि ती बाहेर बघू लागली.

“मी लगीन हून आली ती ह्याच रस्त्यानं,” ती एकदम म्हणाली. “माझं म्हायेर उंब्रजच्या वरल्या अंगाला. येक भाऊ हुता मला. तो पटकीच्या साथीत गेला, आन् मग मुराळी म्हून यायला कोण उरलंच न्हाई. अंजनाच्या नवऱ्याचा जलमबी झाला नव्हता तवा.”

तिनं हे सहज सांगितलं, उसाकडं बघत. अंजनानं सासूचा हात धरला. इतका वेळ आपण हिला खाष्ट समजत होतो, याची लालासाहेबाला फार लाज वाटली.

कराडजवळ कोयनेकडं उतरणारा रस्ता लागला, तशी त्यानं उतारावर मोटार थांबवली, नवा धोंडा शोधून चाकाखाली घातला आणि मोटारीला पाणी पाजलं. समोरच वडाखाली एक सर्व्हिस मोटार उभी होती आणि तिचा माणूस “सांगली, सांगली” म्हणून ओरडत होता.

“मावशी,” लालासाहेब खाली मान घालून म्हणाला, “ही सांगलीला जाती. चला, तुमाला बसवून देतो.”

हरणाबाईनं त्या मोटारीकडं बघितलं. मग रस्ता पुढं साताऱ्याकडं गेला होता तिकडं बघितलं. पदर सावरला.

“गाडीला पाणी घातलंस?”

“व्हय.”

“मग धोंडा काढ की. दिवं लागायच्या आत पोचायचं हाय न्हवं?”

दिवे लागायच्या आत रुसूबाई गावात शिरली. बनुबाई भाकरतुकडा घेऊन दारात आली आणि मोटारीतून लेकीच्या मागोमाग विहीणबाई उतरताना बघून उंबऱ्यातच थबकली. पण बाई शहाणी होती. तिनं काही विचारलं नाही. आणखी एक तुकडा मोडून आणला, दोघींवरून ओवाळून टाकला आणि दोघींच्या पायांवर पाणी घातलं. पंचमीच्या दिवशी हरणाबाई झोक्यावर उभी राहून असा झोका घेत होती की खालच्या पोरी किंचाळत होत्या. परत जायचा दिवस आला तेव्हा तिनं सांगलीला निरोप धाडला, ‘मोटार सुरू व्हायला उतार मिळंना. मिळाला की येती.’ आणि त्या उताराच्या गावात ती गोकुळाष्टमीपर्यंत राहिली.

पुढल्या वर्षी लालासाहेबानं लष्कराच्या लिलावातली जीपगाडी घेतली. रुसूबाई आदल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी धोंड्यावरून निसटून आपणहून ओढ्यात जाऊन बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणी धोंडा न काढता चालली होती, आणि लालासाहेबाला चार दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. जीपगाडी मात्र गुणी होती. पायाखालचं बटण दाबलं की चालू, आणि म्हणाल तिथं उभी.

पंचमीला तो ती थेट नानासोंच्या अंगणात घेऊन गेला. नानासोंना त्यानं ती चारदा बंद करून चारदा चालू करून दाखवली. अंजनाची ओटी भरून झाली आणि हरणाबाई जीपगाडीजवळ येऊन उभी राहिली. तिनं गाडीवरून हात फिरवला.

“चांगली हाय. कुठंबी थांबती म्हण की ही.”

“कुठंबी, मावशी! पुलावर थांबती, सपाटीला थांबती.”

“मग बरं झालं,” हरणाबाई म्हणाली. “जावा सावकाश.” आणि ती मागं सरून दाराच्या चौकटीशी जाऊन उभी राहिली.

लालासाहेब बटणावर पाय ठेवून तसाच बसला. आपण काय बोलून बसलो ते त्याला आत्ता उमगलं. त्यानं पाय उचलला आणि डोकं खाजवलं.

“मावशी, खरं सांगू? ह्या लष्करी गाड्यांचा काय भरवसा न्हाई बगा. दारात लय चांगल्या वागत्यात. तुमी आपलं पुलापातुर यावं. तुमी डोळ्यांनी बघितल्याबिगर मी काय अंजीला न्हेत न्हाई.”

हरणाबाईनं त्याच्याकडं टक लावून बघितलं. तिला सगळं कळलं, आणि आपल्याला कळलंय हे तिनं लपवलंही नाही.

“येती की,” ती म्हणाली. “पोर तुझ्या हवाली करायची म्हंजे बघितलंच पायजे.”

ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. काखेत गाठोडं होतं, चांगलं घट्ट, आदल्या दिवशीच बांधून ठेवल्यासारखं.

“आगं, पुलापातुर जायला गाठुडं कशाला?” नानासोंनी विचारलं.

पण तोवर लालासाहेबानं बटण दाबलं होतं.