झाकण उघडण्याआधी

देवदारांमधल्या आमच्या आश्रमात मूर्ती नाही, तसबीरही नाही. ध्यानाच्या खोलीत समोर नुसती पांढरी भिंत. ज्याला जो दिसेल त्याने तो पाहावा, असं महाराज म्हणतात. नेम एकच आहे, जेवणाआधीचा. शिबिराला आलेल्यांपैकी रोज एकाने आपल्या धर्माच्या रीतीने अन्नाला नमस्कार करायचा. ते शब्द कानावर पडल्याशिवाय स्वयंपाकीणबाई हंसीदी भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलत नाहीत. आणि हंसीदींना ऐकू कमी येतं.

त्या दिवशी नमस्काराची पाळी तहसीनची होती. हलद्वानीची अबोल बाई. पहाटे मी जपाला बसले की ती ओसरीवर नुसती बसून असे.

"आपा, नमाज?" एकदा मी हळूच विचारलं.

"माझा मुलगा अनीस गेल्यापासून नाही. मी बिस्मिल्लाह म्हटल्याशिवाय घास घ्यायचा नाही तो. मिशा फुटल्या तरी हात आखडून माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. आता कुणासाठी म्हणू?"

पंगत बसली. माझी एकादशी, म्हणून पुढ्यात उकडलेले बटाटे. शेजारी तहसीन, मान खाली. काळ्या सोयाबीनच्या आमटीची, चुरकाणीची, वाफ विरत चालली, तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"काय गं भुली, गार भात आवडतो वाटतं?" हंसीदींनी पातेल्यापासूनच विचारलं. धाकट्या बहिणीला पहाडात भुली म्हणतात.

माझ्याच्याने बघवेना. "तिच्याऐवजी मी म्हणते, दीदी."

"तुमचा तर उपास, बहनजी! आणि दुसऱ्याच्या तोंडानं कधी कुणाचं पोट भरलंय?"

महाराज मांडीवर हात ठेवून वाट बघत राहिले.

तहसीनने मान वर केली. समोर सरदारजी, त्यांच्यापलीकडे अल्मोड्याच्या ख्रिस्ती बाई, टोकाला महाराज. सगळ्यांचे हात आखडलेले आणि डोळे तिच्या तोंडाकडे.

ती बघतच राहिली. मग ओठ हलले.

"काय?" हंसीदींनी कानामागे हात धरला. "हवेला सांगितलंस की मला?"

"बिस्मिल्लाह!" तहसीन एवढ्या मोठ्याने म्हणाली की छपरावरची पाखरं उडाली.

"हां, आता कसं!" झाकण निघालं.

तहसीन रडत होती, आणि हसतही होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "तोही असाच बहिरा व्हायचा. मुद्दाम. दोनदा म्हणवून घ्यायचा."

हंसीदींनी तिला भात जरा जास्तच वाढला.