साडेसतरा सेकंद

चूक करायला चौदा महिने लागले होते, कळायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

झाग्रेबच्या त्या कार्टून स्टुडिओत मंगळवारी सकाळी पहिली प्रत मोठ्या पडद्यावर लावली, तेव्हा खुर्च्यांत दोघंच होती. एक ल्येर्का पेर्कोवेच, जिनं त्या फिल्ममधलं एकूण एक चित्र स्वतःच्या हातानं काढलं होतं. दुसरा श्टेफ, स्टुडिओतला आवाजाचा जुना माणूस, हातात कॉफी आणि तोंडात अर्धा पाव. पडद्यावर एक म्हातारा रिकाम्या खोलीत चेलो घेऊन बसला, त्यानं तारेवर गज टेकवला आणि वाजवायला लागला. गजाच्या टोकातून एक काळी रेघ निघाली. सूर भरदार झाला की रेघ जाड व्हायची, सूर थरथरला की तीही थरथरायची, आणि त्या एका रेघेतूनच आधी खिडकी व्हायची, मग खिडकीबाहेरची सावा नदी, मग चुलीपाशी पाठमोरी उभी असलेली बाई. सात मिनिटांत ती रिकामी खोली भरून जायची होती.

पहिली दहा सेकंदं झक्क गेली. मग चेलोनं श्वास घेतला आणि पडद्यावरच्या म्हाताऱ्याचा गज तरीही खाली येतच राहिला. पुढचा सूर सुरू झाला तेव्हा कुठे तो थांबला. श्टेफ चावायचा थांबला. मिनिटाभरात म्हातारा अडीच सेकंद मागे पडला होता, आणि नंतर तर बघवेना. सूर हसत होता तेव्हा रेघ थरथरत होती. संगीत संपलं, शांतता झाली, आणि म्हातारा त्या शांततेत एकटाच गज ओढत बसला. श्टेफनं घड्याळ लावलं होतं. साडेसतरा सेकंद.

"टेबल," तो म्हणाला.

"कुठलं टेबल?"

"टीव्हीवाल्यांचं. अगं, पंचवीसचं टेबल ते! त्याच्यावर मोजलंस तू."

सिनेमाच्या यंत्रातून सेकंदाला चोवीस चित्रं जातात आणि टीव्हीच्या यंत्रातून पंचवीस, हे स्टुडिओतल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. तिथली रीत अशी, की संगीत आधी ध्वनिमुद्रित करायचं. मग आवाजाचा माणूस टेबलावर, म्हणजे टेप आणि फिल्म बरोबरीनं चालवायच्या यंत्रावर, टेप चालवून एकेक सूर किती चित्रांचा भरतो ते मोजतो, लांबलचक तक्त्यावर लिहितो, आणि चित्रकार त्या तक्त्यावरून चित्रं काढतो. म्हणजे मोजायचं काम श्टेफचं. पण या वेळी टेपवर ल्येर्काचे वडील वाजवत होते. ताता कुठे श्वास घेतात, कुठला सूर केसभर लांबवतात, हे श्टेफला काय कळणार, म्हणून बाईसाहेब स्वतः मोजायला बसल्या. नेमकं तेव्हाच स्टुडिओचं टेबल दुरुस्तीला गेलेलं, टीव्ही केंद्रानं त्यांचं एक वापरायला दिलेलं. त्याच्यावर मोजलं आणि त्याच्यावरच वेळोवेळी तपासलं. तिथे सगळं तंतोतंत जुळायचं. मार्चमध्ये टीव्हीवाले टेबल घेऊन गेले. तोवर दहा हजार पाचशे चित्रं काढून झाली होती.

"तू का बोलला नाहीस?" ल्येर्का ओरडली.

"मला हात तरी लावू दिलास का? 'श्टेफ, तू तुझी कॉफी पी,' म्हणालीस. प्यायलो. वर्षभर कॉफीच पितोय."

ती खाली बसली. रडली असती तर बरं झालं असतं, पण रडायलाही सुचेना. ही काही नुसती फिल्म नव्हती. ही तातांना दाखवायची होती, आणि तीही लवकर.

वात्रोस्लाव पेर्कोवेच चाळीस वर्षं ऑपेराच्या वाद्यवृंदात चेलो वाजवत होते आणि उरलेल्या वेळात पोरांना शिकवत होते. माणूस तालाचा इतका पक्का, की रेडिओवाले म्हणायचे, पेर्कोवेच वाजवत असला की भिंतीवरचं घड्याळ त्याच्याकडे बघून चालतं. सुराच्या बाबतीत तर विचारूच नका. घरात ते अर्धा तास तार लावायचे आणि दहा मिनिटं वाजवायचे. डोकं कलतं करून कान चेलोच्या मानेला लावलेला, डावा हात कानापाशी खुंटीवर, डोळे मिटलेले. ल्येर्काची आई रश्शाचं भांडं टेबलावर आपटून म्हणायची, "लागली का हो तार? की तुमच्याऐवजी चेलोलाच जेवायला वाढू?" आई गेल्यावर त्यांनी एकच धून रचली, सात मिनिटांची. ती रेडिओच्या खोलीत एकदा वाजवली आणि म्हणाले, परत वाजवणार नाही. ल्येर्कानं ती टेप उचलली आणि म्हणाली, "ताता, तुमच्या सुराला मी खोली काढते. आईसकट." ते म्हणाले, "काढ. पण माझ्या मागून चाल, पुढे पळू नकोस."

जानेवारीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, म्हणजे गजाचा हात गेला. बोलणंही गेलं, आणि दुसऱ्याचं बोलणं आत शिरणंही गेलं. उरला एकच शब्द, "बरं." तहान लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, ल्येर्का आली तरी बरं आणि गेली तरी बरं. डॉक्टरांनी एप्रिलमध्ये तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता महिने मोजू नका, आठवडे मोजा.

"टीव्हीवर लावली तर बरोबर बसेल ही," श्टेफ म्हणाला. ल्येर्कानं लगेच फोन लावला. पलीकडचा गृहस्थ अतिशय सभ्य होता. विषय सुंदर आहे म्हणाला, पुढच्या वसंतात नक्की विचार करू म्हणाला. तातांना उचलून टीव्ही केंद्रात न्यावं, तर डॉक्टर त्यांना खाटेवरून खुर्चीत न्यायलाही नाखूश. इस्पितळात नेता येईल असा प्रोजेक्टर स्टुडिओत एकच होता, आणि त्याला वेगही एकच, चोवीसचा.

"मग सरळ आहे," श्टेफ म्हणाला. "दर पंचविसातलं एक चित्र काढून टाक. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या बापाला कळेल."

तरी एका मिनिटाचा तुकडा करून पाहिला. गज लांब, सलग यायचा तिथे दर सेकंदाला एक बारीकशी उचकी बसायला लागली. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती, हे श्टेफचं खरंच होतं. पण तातांनी चाळीस वर्षं पोरांना अडखळणाऱ्या गजापायी वर्गाबाहेर काढलं होतं.

"हे नाही दाखवायचं मी त्यांना," ती म्हणाली. "आवाज हळू करू. तू टेप हळू चालव. चित्राला बसेल एवढीच."

श्टेफनं कप खाली ठेवला. "आवाज हळू केला की सूर उतरतो, ल्येर्का. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसेल तो. तुझ्या बापाचा सूर! चित्रं काढ, माझं ऐक."

"आजारी माणूस आहे, श्टेफ. त्यांना कुठे कळणार आहे आता."

गजाची उचकी कळेल आणि उतरलेला सूर कळणार नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून पाच मिनिटांच्या अंतरानं निघाली. श्टेफला ते ऐकू आलं. त्यानं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. खरी गोष्ट एवढीच होती, की चौदा महिने मान मोडून काढलेल्या चित्रांतलं एकही चित्र तिला फेकवत नव्हतं. आपलं वाचवायचं तर तातांचं थोडं जाऊ दे, असं तिच्या मनानं तिला न विचारता ठरवून टाकलं. माणूस आपल्या माणसाशी असंही वागतो, आणि वागताना त्याला ते प्रेमच वाटतं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी इस्पितळाच्या जेवणघरात खिडक्यांना घोंगड्या लावल्या. आंबवलेल्या कोबीचा वास कोंडला. यागोदा नावाची नर्स तातांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. तिनं त्यांचे केस विंचरले होते आणि गळ्यात कुणाचा तरी टाय बांधला होता.

"चला, माएस्त्रो, सिनेमाला," ती म्हणाली. "पहिल्या रांगेतलं तिकीट आहे. शेजारी पोरगी बसणार असेल तर माझ्याकडे बघणार नाही म्हणा तुम्ही."

"बरं," ताता म्हणाले.

श्टेफनं प्रोजेक्टर सुरू केला. समोरच्या भिंतीवर म्हातारा बसला, गज टेकला, चेलो वाजला. आणि जुळलं! सूर आणि रेघ बोट धरून निघाले. खिडकी झाली, नदी झाली. ल्येर्काला भरून आलं. तिनं तातांकडे पाहिलं.

ताता भिंतीकडे बघतच नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान कलती केली होती. त्यांचा डावा हात मांडीवरून उठून कानापाशी गेला होता. अंगठा आणि दोन बोटं हवेतच काहीतरी पकडून फिरवत होती. थोडं फिरवायचं, थांबायचं, ऐकायचं. पुन्हा फिरवायचं.

"काय करताहेत ते?" यागोदानं हळूच विचारलं. "डोकं दुखतंय का?"

ल्येर्कानं लहानपणापासून रोज बघितलेला हात तो. ताता खुंटी पिळत होते. चेलो उतरलाय, आपलाच चेलो उतरलाय, आपणच नीट लावला नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि ते तो वर चढवायचा प्रयत्न करत होते. खुंटी फिरत होती, सूर काही हलत नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला.

ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "ताता, तुमचा नाही हो दोष. मी उतरवलाय. मीच केलंय हे. तुमचा सूर बरोबर होता."

त्यांनी डोळे उघडले. लेक काहीतरी सांगतेय एवढंच त्यांना समजलं असावं. ते ओशाळून म्हणाले, "बरं, बरं," आणि पुन्हा खुंटीला हात घातला, या वेळी घाईघाईनं. लोक ताटकळत बसलेत आणि अजून तार लागलेली नाही, अशा माणसाची ती घाई होती. सांगावं कुणाला आणि कसं? ज्या माणसाला शब्द कळत नाहीत त्याची माफी कशी मागायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. भिंतीवर तिची आई चुलीपाशी उभी राहिली आणि विरलीही, कुणीच पाहिलं नाही.

"बंद कर!" ती श्टेफला म्हणाली. "पहिल्यापासून लाव. आवाज नको. मुळीच नको."

श्टेफनं फिल्म उलटी गुंडाळली आणि आवाजाचं बटण शून्यावर नेलं. आता फक्त यंत्राची खडखड. म्हातारा पुन्हा रिकाम्या खोलीत येऊन बसला.

या वेळी तातांनी पाहिलं. आवाज नव्हता, म्हणजे चुकीचा सूरही नव्हता. त्यांचा चेहरा सैल झाला. भिंतीवरच्या म्हाताऱ्यानं गज टेकला, तसा त्यांचा डावा हात छातीसमोर आला आणि बोटं हवेतल्या तारांवर पडायला लागली. आधी तर्जनी, मग अनामिका, मग करंगळी ताणून वरच्या सुरावर, आणि तिथे ती बारीक थरथर. वाजवता वाजवता त्यांचे डोळे मिटले. ल्येर्काला सगळा तुकडा तोंडपाठ होता. बोटांकडे बघून तिला तो जसाच्या तसा ऐकू येत होता, चढ्या आणि खऱ्या पट्टीत. श्टेफनं टोपी काढली. यागोदाला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, तीही दाराशी खिळून उभी राहिली.

खिडकी झाली, नदी झाली. पण बोटं नदीच्या पलीकडे गेली होती. चुलीपाशी बाई उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी रचलेला सूर तातांनी केव्हाच वाजवून संपवला होता. ते आपल्या पक्क्या चालीनं, घड्याळानं त्यांच्याकडे बघून चालावं अशा चालीनं पुढे चालले होते, आणि त्यांच्या मागून चालायचं कबूल केलेली लेक दर सेकंदाला एकेका चित्रानं मागे राहत होती. ल्येर्का खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसली. तिला भिंतीवरच्या म्हाताऱ्याला ढकलावंसं वाटत होतं, तातांचा हात धरून थांबवावंसं वाटत होतं. दोन्ही तिच्या हातात नव्हतं.

शेवटचा सूर तातांनी लांबवला, नेहमी लांबवायचे तेवढाच. मग हात हळूच मांडीवर ठेवला.

"बरं," ते म्हणाले, आणि लेकीकडे मान वळवून त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या डोळ्यांत प्रश्न होता, कसं झालं, तार लागली ना?

तिकडे भिंतीवर म्हातारा अजून वाजवत होता. साडेसतरा सेकंद बाकी होते, आणि ते वळून बघतील तर त्यांना कळेल, की आपण आधीच थांबलो, आपलंच काहीतरी चुकलं.

ल्येर्का टाळ्या वाजवायला लागली. श्टेफच्या लक्षात आलं, त्यानंही सुरू केलं, मग यागोदानं. ताता लाजले, मान झुकवून उजवा हात छातीवर न्यायला गेले. तो हलला नाही, मग त्यांनी डावा नेला. ल्येर्का त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून, रडत, जोरजोरात टाळ्या वाजवत राहिली, भिंतीवरचा म्हातारा थांबेपर्यंत.