धुतलेलं कोकरू

थोरलीचे धाकटे दीर मदतीला आले ते दोन बॅगा, एक शिट्टी आणि मेंढीपालनावरचं जाडजूड पुस्तक घेऊन. पुस्तकाला खाकी कव्हरसुद्धा घातलेलं होतं. आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत साहेब म्हणून खुर्ची उबवली, निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवून बायकोचं डोकं उठवलं, आणि थोरलीचा हात मोडल्याचं कळताच त्या बायकोनेच त्यांची बॅग भरली. "जा, वहिनींना तुमची फार गरज आहे," असं ती म्हणाली म्हणे. गरज कुणाला होती ते थोरलीला न सांगता कळलं.

गोठ्याच्या ओल्या पायरीवर पाय घसरून थोरलीचा उजवा हात मनगटात मोडला होता. कोपरापर्यंत प्लास्टर. नवऱ्याला जाऊन अकरा महिने झालेले, आणि दारात चौदा मेंढ्या, त्यातल्या बारा गाभण. शहरातल्या मुलाने फोनवर एकच धोशा लावला, मेंढ्या विक आणि इकडे ये. थोरलीची जीभ मुळातच तिखट. ती म्हणाली, "या वेताला माझ्या हयगयीने एक जरी कोकरू गेलं ना, तर चौदाच्या चौदा विकून तुझ्या चौथ्या मजल्यावर येऊन बसेन. मग दिवसभर खिडकीतून लोकांची धुणी बघेन!" बोलून गेली आणि फसली. मुलाने शब्द पक्का धरला. दर रविवारी फोन करायचा, "आई, सगळी आहेत ना?" बिचारा मायेने विचारायचा, म्हणून तर तिला जास्त राग यायचा.

आल्या दिवशी साहेबांना थंडी वाजली. स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला थोरल्या भावाचा जुना कोट होता, कोपरं झिजलेला, खिशात सुतळी कोंबलेला. साहेबांनी हात पुढे केला.

"त्याला हात लावू नका," थोरली म्हणाली.

"मळलाय फार, म्हणून म्हटलं जरा..."

"मळू दे. तुमचा स्वेटर आहे ना पांढराशुभ्र? तो घाला. लग्नाला निघाल्यासारखे दिसता त्यात."

साहेब गोठ्यात शिरले की मेंढ्या एका कोपऱ्यात गठ्ठा होऊन उभ्या राहायच्या. दाढीनंतरच्या अत्तराचा भपकारा, त्यात शिट्टी. सहा दिवस झाले तरी एक मेंढी जवळ येईना.

"मला घाबरतात का हो वहिनी या?"

"घाबरत नाहीत. ओळखत नाहीत. मेंढीची सगळी अक्कल नाकात असते."

"पण पुस्तकात तर लिहिलंय, मेंढ्यांना चेहरे लक्षात राहतात."

"मग बसा चेहरा दाखवत!"

तरी एक खरं, साहेब पाणी भरत, चारा टाकत, न सांगता गोठा झाडत. इतका झाडत की कोकरांना बसायला घातलेलं कोरडं गवतही झाडून बाहेर. उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले, पण हा माणूस मेंढ्यांसाठीसुद्धा उंट घेऊन आला होता. थोरली डाव्या हाताने गवत परत आत ढकलायची आणि नवऱ्याच्या नावाने मनात चार शब्द बोलायची. स्वतः सुटलास, आणि हे रत्न माझ्या गळ्यात टाकलंस.

सात मेंढ्या सुखरूप व्यायल्या. आठव्या दिवशी सकाळी थोरलीला प्लास्टर दाखवायला दवाखान्यात जाणं भाग होतं. निघताना तिने तीनदा बजावलं, "कुणी व्यायली तर मध्ये पडू नका. कोकराचं नाकतोंड गवताने पुसा, बस. बाकी तिची ती बघेल."

साहेबांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

अकरा वाजता ती परत आली तेव्हा साहेब पायरीवर बसलेले, बाह्या वर केलेल्या, मांडीवर टॉवेल. टॉवेलात कोकरू. कापसासारखं पांढरं, भांग पाडायचा तेवढा बाकी. आणि वास? गुलाबाचा घमघमाट!

"नखरी व्यायली!" साहेब अभिमानाने म्हणाले. नखरी म्हणजे पहिलारू मेंढी, पहिल्याच खेपेची. "काय घाण होती हो अंगावर, पिवळी, चिकट. गरम पाण्याने दोनदा आंघोळ घातली. जंतू म्हणून राहिला नाही."

थोरलीने कोकराचं अंग हुंगलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो भाऊजी," ती म्हणाली, "त्या घाणीवरूनच तर आई पोराला ओळखते! चाटून चाटून ती ते वाळवते आणि तेवढ्यात वास नाकात बसवून घेते. पत्ता पुसून टाकलात, आता पत्र पोचणार कुठे?"

"पण पुस्तकात स्वच्छता..."

"वार कुठाय? वार? ती तरी चोळू त्याला."

साहेबांनी खाली पाहिलं. व्याल्यावर पडलेली वार त्यांनी परसात खोल खड्डा खणून, वर चुना टाकून पुरली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे बैल रिकामा आणि खड्डा तेवढा भरलेला.

कोकरू नखरीपुढे ठेवलं. तिने हुंगलं, नाक फेंदारलं आणि असं डोकं मारलं की ते भिंतीवर आपटलं. तीनदा ठेवलं, तीनदा मारलं. मग थोरलीने गुडघ्याने तिला भिंतीशी दाबलं, डाव्या हाताने वाटीभर चीक काढला आणि बाटलीने कोकराला पाजला. दोन घोट प्यालं, बाकीचं तोंडातून ओघळलं. नखरी मात्र चाऱ्याकडे गेली आणि रवंथ करत बसली. पोर झालं होतं हे ती पार विसरली होती. थोरलीला दोघांचाही सारखाच संताप आला, पण साहेबांना शिव्या देता येत होत्या.

"चौथा मजला," ती म्हणाली. "तुमच्या गुलाबाच्या साबणापायी मी चौथ्या मजल्यावर जाणार. खिडकीत बसवा मला कुंडीसारखी."

कोकरू स्वेटरच्या आत छातीशी धरून साहेब चुलीपाशी बसून राहिले. दुपारपर्यंत त्याची मान लुळी पडायला लागली.

आणि दुपारी टिकली व्यायली. टिकली गोठ्यातली सर्वांत म्हातारी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तासभर कण्हली आणि मेलेलं कोकरू टाकलं. ते पोटातच गेलेलं होतं, त्यात कुणाची हयगय नव्हती. टिकली मात्र ते चाटत राहिली, पायाने ढोसून उठवत राहिली, आणि घशातून हळू आवाज काढत राहिली. कास दुधाने टच्च भरलेली.

थोरली पाहत उभी राहिली आणि मग एकदम म्हणाली, "भाऊजी, सुरी आणा. छोटी, धारेची."

"कशाला?"

"या मेलेल्याचं कातडं काढायचं आणि तुमच्या गुलाबाला घालायचं. सदऱ्यासारखं. टिकलीला तिच्या पोराचा वास आला की ती पाजेल. तुमचे भाऊ करायचे. पण त्याला दोन हात लागतात."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला रक्त बघवत नाही हो वहिनी. नोकरीतसुद्धा कुणाला कापलं तर मी..."

"नोकरीत तुम्ही काय काय केलं नाही ते मला माहीत आहे. आणता की चौथ्या मजल्याचं तिकीट काढू?"

साहेब उठले. सुरी आणली. थोरली सांगत गेली, ते कापत गेले. पायांच्या गुडघ्यांशी गोल चीर, मग पोटावर उभी, मग मूठ आत घालून कातडं सुटं करायचं, फाडायचं नाही. दोनदा ते उठून बाहेर जाऊन ओकून आले. दोनदा परत येऊन बसले. "फाइलवर सही करताय का? घाई करा!" थोरली करवादली, पण तिच्या लक्षात आलं होतं, त्यांची चीर सरळ जात होती. नवऱ्याचीही इतकी सरळ जात नसे. हे तिने सांगितलं नाही.

पांढरा स्वेटर रक्ताने आणि चिकट पाण्याने भिजून गेला. कातडं निघालं. धुतलेल्या कोकराचं डोकं आणि चार पाय भोकांतून ओढून काढले, शेपटी बरोबर शेपटीवर आणली आणि ते टिकलीच्या मागे उभं केलं. उभं कसलं, साहेबांनी धरलं होतं म्हणून उभं.

टिकलीने मान वळवली. शेपटीपाशी हुंगलं. पुढे डोक्यापाशी आली आणि थबकली, कारण तिथे गुलाब होता. टिकली परत शेपटीकडे गेली, हुंगलं, आणि घशातून तोच हळू आवाज काढून तिने चाटायला सुरुवात केली. साहेबांनी सड कोकराच्या तोंडात दिला. एक क्षण काही नाही. मग ते ओढायला लागलं आणि वरची मेलेली शेपटी खालच्या जिवंत शेपटीबरोबर हलू लागली.

"फसली," साहेब पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मेंढीच ती," थोरली तुच्छतेने म्हणाली. "मेलेल्याचा वास आला की झालं. दोन-तीन दिवस राहू द्यायचं अंगावर. तोवर तिचं दूध याच्या अंगात मुरतं, मग हा तिचाच होतो."

साहेब थंडीने कुडकुडत होते. दुसरा स्वेटर नव्हता. थोरली आत गेली, खुंटीपाशी थोडा वेळ उभी राहिली आणि कोट काढून आणून त्यांच्या अंगावर टाकला. "घाला. न्यूमोनिया झाला तर जाऊबाई मला बोलतील."

ती चहा ठेवायला गेली. चहा घेऊन दारात आली तर गोठ्यात साहेब पाठमोरे उभे, हातात चाऱ्याची पाटी. आणि कोपऱ्यातला तो गठ्ठा सुटला होता. एकेक मेंढी पुढे येत होती, कोटाच्या बाहीला नाक लावत होती, खिसा हुंगत होती. नखरीसारखी बेअक्कलसुद्धा त्यांच्या गुडघ्याला टेकली होती. अकरा महिन्यांनी मेंढ्या अशा कुणाजवळ आल्या होत्या. मूर्ख जनावरं, थोरली मनाशी म्हणाली. कोट बघून भुलतात! आणि तिने हातातला कप उंबऱ्यावर ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कोकराच्या अंगावरचं ते मेलेलं कातडं कापून काढलं. टिकलीने नुसतं हुंगलं आणि पाजत राहिली. रविवार होता, मुलाचा फोन आला. "सगळी आहेत ना?"

"आहेत," थोरली म्हणाली. "तुझे काका धरून."

साहेबांनी कोट काढला, नीट घडी घातली आणि साबणाची वडी हातात घेतली. "हा आता स्वच्छ धुऊन देतो हं वहिनी. तेवढं तरी करू द्या."

थोरलीने कोट त्यांच्या हातातून ओढून घेतला, एका हाताने, जमेल तसा, आणि प्लास्टरसकट छातीशी धरला.

"खबरदार पाणी लावलंत तर," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा तिखट निघाला नाही. मग तिने कोट पुन्हा त्यांच्या पुढ्यात धरला. "घाला. अजून तीन व्यायच्या आहेत."